आवाज नेमका कुठे अडला? – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणेशोत्सव आणि नवरात्र पार पडले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉप यांपैकी काहीतरी ऐन कार्यक्रमात गप्प झालेले असते किंवा आपणहून गुणगुणू लागलेले असते, आणि पत्र लिहिणाऱ्याने तोवर तीन केबल, एक अडॅप्टर आणि काही वेळा नवा मिक्सरसुद्धा विकत घेतलेला असतो. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणारी अनेक वाद्ये आतून धडधाकट असतात आणि दोष वाद्यापासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी दडलेला असतो. म्हणून या वेळी त्या वाटेविषयीचेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मी एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. गेली सहा वर्षे कीबोर्ड पाच पिनांच्या मिडी केबलने (कोणती पट्टी दाबली, सोडली हे दुसऱ्या यंत्राला कळवणाऱ्या) लॅपटॉपच्या इंटरफेसला, म्हणजे मधल्या जोडपेटीला, जोडत होतो. कधी त्रास झाला नाही. यंदा तेच काम यूएसबी केबलने करू लागलो आणि स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला. मंडपातील वायरमनने लॅपटॉपच्या चार्जरच्या प्लगची जाड पिन काढून टाकली, तेव्हा तो थांबला. हे असेच चालू ठेवले तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच चालणार नाही. पिन काढलेली ती वायर आजच टाकून द्यावी आणि तीन पिनांची अखंड वायर घ्यावी, मगच पुढचे वाचावे.

आपल्याकडच्या प्लगमधील वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते, कारण प्लग खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. उपकरणाच्या आत २३० व्होल्टची फेजची तार कधी सुटून धातूच्या भागाला टेकली, तर तो प्रवाह या पिनेवाटे जमिनीकडे जातो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. पिन नसेल तर काहीच पडत नाही, कुणाला काही कळत नाही, आणि तो धातूचा भाग जिवंत होऊन राहतो. अशा वेळी कलाकाराने एक हात त्या भागावर ठेवून दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरला, तर मायक्रोफोन मिक्सरमार्फत अर्थ झालेला असल्यामुळे विजेची वाट त्याच्या छातीतून जाते. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वे हे अर्थिंग सदोष असताना मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावले. पावसाने ओल्या झालेल्या आपल्या मंडपांत ही शक्यता दूरची नाही, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

पिन काढल्यावर आवाज थांबला यावरून तो उपाय योग्य ठरत नाही, पण रोगाचे निदान मात्र त्यातून हाती लागते. आपला लॅपटॉप रंगमंचावरच्या बोर्डातून अर्थ झालेला होता आणि मिक्सर मंडपाच्या मागच्या टोकाला दुसऱ्या बोर्डातून. कीबोर्डची ध्वनीची केबल मिक्सरकडे जाते आणि तिची बाहेरची जाळी मिक्सरच्या अर्थला जोडलेली असते. आता यूएसबीने लॅपटॉप जोडला की यूएसबीतील ऋण तार ही जाळी लॅपटॉपच्या अर्थशी नेऊन भिडवते, आणि लॅपटॉप, कीबोर्ड, मिक्सर व मंडपाचे वायरिंग मिळून एक बंद कडे तयार होते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये विद्युतदाबाचा अगदी किंचित फरक असला तरी त्या कड्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो, आणि ज्या जाळीने आवाजाची राखण करायची तीच जाळी हा गुणगुणाट आवाजात मिसळते. आपण वादक आहात, तेव्हा ही खूण कानाने पटवून घेता येईल. ५० हर्ट्झचा सूर अतिखर्जात पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. लहान स्पीकरमधून तो बहुतेक वेळा एक सप्तक वर, १०० हर्ट्झवर, जास्त स्पष्ट ऐकू येतो. कोणत्याही रागात न बसणारा असा सूर न हलता टिकून राहिला, तर तो विजेच्या लाइनीतून आला आहे असे समजावे.

मग सहा वर्षे त्रास का झाला नाही? जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यनिर्मात्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर जोडून मिडी प्रथम जाहीरपणे दाखवले गेले. ते आखणाऱ्यांनी या कड्याचा विचार तेव्हाच केलेला होता. मिडीच्या ‘इन’ सॉकेटमागे ऑप्टोकपलर नावाचा लहानसा घटक असतो. आलेला विद्युतसंकेत त्याच्या आतील दिवा उघडझाप करतो आणि पलीकडचा प्रकाशग्राही भाग तो प्रकाश वाचतो. दोन यंत्रांमध्ये संकेत जातो तो प्रकाशाच्या रूपाने, तारेने तार जोडली जात नाही. केबलची जाळीसुद्धा फक्त ‘आउट’च्या बाजूला जमिनीला जोडलेली असते. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या या विचारी रचनेबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि यूएसबीच्या सोयीपायी आपण ती गमावतो याचे वाईटही वाटते.

खात्री करण्यासाठी लॅपटॉपचा चार्जर पूर्ण काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज तत्काळ थांबला तर निदान पक्के. त्यानंतरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुन्हा पाच पिनांची केबल वापरणे. ते शक्य नसेल तर मिक्सर आणि रंगमंचावरची सर्व ध्वनिसामग्री एकाच ठिकाणाहून निघालेल्या लाइनीवर घ्यावी, त्या लाइनीवर दिव्यांची माळसुद्धा लावू देऊ नये. एवढ्याने भागले नाही तर कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरकडे नेणारी लहान पेटी) बसवावा आणि त्याच्यावरील ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. हे बटण फक्त ध्वनीच्या केबलची जाळी एका टोकाला सोडवते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही, त्यामुळे ते निर्धोक आहे. मंडपाच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर आहे की नाही, हेही वायरमनला आवर्जून विचारावे.

प्रश्न : आमच्या नाट्यगृहात गुणगुण नाही, पण ‘खर्रर’ असा तिखट आवाज येतो आणि तो मधूनच वाढतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंगमंचावरचे दिवे हळूहळू मंद करत आवाजाकडे लक्ष द्यावे. दिव्यांच्या उजेडाबरोबर खरखरीचा पोत बदलत असेल तर कारण डिमर आहे. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून उजेड कमी करतो आणि त्या कापलेल्या कडेतून उंच पट्टीतले असंख्य सूर बाहेर पडतात. साधारण अर्ध्या उजेडाला त्रास सर्वाधिक असतो. ध्वनीची सामग्री दिव्यांपेक्षा वेगळ्या फेजवर घ्यावी. ध्वनीच्या केबल दिव्यांच्या केबलींना समांतर नेऊ नयेत, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात, आणि लांबचा सगळा प्रवास मायक्रोफोनला लावतात त्या तीन पिनांच्या कॅनन केबलनेच करावा.

प्रश्न : मोबाइलवरून गाण्याचा ट्रॅक लावण्यासाठी एका बाजूला ईपी पिन (मोबाइलच्या हेडफोनची लहान पिन) आणि दुसऱ्या बाजूला पी-३८ (मिक्सरला लागणारी जाड पिन) असलेली चांगल्या प्रतीची स्टीरिओ केबल घेतली. मिक्सरला लावल्यावर ट्रॅकमधील ढोलक आणि बेस जवळजवळ नाहीसे होतात, व्हायोलिन मात्र ऐकू येतात, आणि सगळे विहिरीतून आल्यासारखे वाटते. पी-३८ अर्धवट बाहेर ओढून ठेवली की आवाज भरून येतो! केबल बदलून पाहिली, तोच प्रकार. – एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपले निरीक्षण इतके नेमके आहे की उत्तर त्यातच आहे. केबल निर्दोष आहे, मिक्सरही निर्दोष आहे. फक्त दोघांची भाषा वेगळी आहे.

स्टीरिओ पी-३८ वर तीन भाग असतात: टोक, मधली कडी आणि दांडा. मोबाइलच्या दृष्टीने टोक म्हणजे डावा आवाज, कडी म्हणजे उजवा आवाज. मिक्सरच्या साध्या चॅनेलचे सॉकेट मात्र बॅलन्स्ड असते, आणि त्याच्या दृष्टीने टोकावर येतो तो मूळ आवाज व कडीवर येतो तोच आवाज उलटा करून. त्यामुळे मिक्सर टोकावरच्या आवाजातून कडीवरचा आवाज वजा करतो. लांब केबलमध्ये शिरलेला गुणगुणाट दोन्ही तारांवर सारखाच असतो, तो या वजाबाकीत नाहीसा होतो, आणि उलटा केलेला मूळ आवाज मात्र दुप्पट होऊन हाती येतो. बॅलन्स्ड केबलची सगळी किमया ती हीच. परंतु आपल्या ट्रॅकमध्ये ढोलक आणि बेस मधोमध ठेवलेले आहेत, म्हणजे डावीकडे व उजवीकडे ते अगदी सारखे आहेत. मिक्सरला ते शिरलेल्या गुणगुणाटासारखेच भासतात आणि तो ते प्रामाणिकपणे वजा करून टाकतो. उरतात ती एका बाजूला ठेवलेली व्हायोलिन आणि दोन्हीकडे वेगवेगळा पसरलेला प्रतिध्वनी, म्हणून विहिरीचा भास. पिन अर्धवट बाहेर आली की मोबाइलचा एकच आवाज आत पोहोचतो, वजाबाकी थांबते आणि ढोलक परत येतो.

पडताळा घ्यायचा असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करावे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्यामुळे आता ट्रॅक जवळजवळ पूर्ण गप्प झाला पाहिजे.

उपाय म्हणून एका बाजूला ईपी स्टीरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन साध्या मोनो पी-३८ असलेली केबल घ्यावी, आणि त्या दोन पिना मिक्सरच्या दोन चॅनेलांत किंवा एका स्टीरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या सॉकेटांत लावाव्यात. एकच चॅनेल मोकळे असेल तर मोबाइल मोनोवर ठेवून दोनपैकी एकच पिन लावावी, दुसरी कशालाही न टेकता लोंबती ठेवावी. डावी व उजवी तार एकमेकींना थेट डाग देऊन (सोल्डर करून) जोडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती टाळावी, कारण त्यामुळे मोबाइलचे दोन्ही आउटपुट एकमेकांवर जोर लावत राहतात. जोडायच्याच असतील तर प्रत्येक तारेत ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर घालूनच जोडाव्यात.

प्रश्न : कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर पावसाळ्यात अधूनमधून बंद पडतात. थाप मारली की चालू होतात. हेडफोन लावला तर त्यात आवाज व्यवस्थित असतो. दुरुस्तीवाल्यांनी मुख्य बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. – एक वाचक, पणजी

उत्तर : बोर्ड बदलण्याची घाई करू नये. आवाजाची वाट लांब असते तेव्हा ती अर्ध्यावर तोडून पाहायची आणि आवाज कुठपर्यंत पोहोचला ते ऐकायचे, ही माझी पद्धत आहे. अर्धी वाट निर्दोष ठरली की उरलेली पुन्हा अर्ध्यावर तोडायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण नकळत ते काम केलेलेच आहे. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आहे, म्हणजे सूर निर्माण करणारा मुख्य बोर्ड ठीक असण्याची शक्यता फार मोठी आहे. संशय उरतो तो हेडफोनच्या सॉकेटपासून पुढे.

हेडफोनची पिन आत गेली की सॉकेटमधील एक लहान पत्री दूर ढकलली जाते आणि त्यामुळे स्पीकर बंद होतात. पिन काढली की पत्री परत टेकते. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत त्या पत्रीवर काळपट थर चढतो. मग पिन नसतानाही ती विजेच्या दृष्टीने टेकत नाही आणि कीबोर्ड समजतो की हेडफोन लावलेलाच आहे. कीबोर्ड बंद करून, अडॅप्टर काढून, एक स्वच्छ पिन त्या सॉकेटमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी. पुष्कळदा एवढ्या घासण्याने पत्री साफ होते. फरक पडला पण टिकला नाही, तर इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा काँटॅक्ट क्लीनर थोडासा फवारून तेच पुन्हा करावे आणि तो पूर्ण वाळल्यावरच वाद्य सुरू करावे. बिजागरीला घालायचे तेलकट स्प्रे येथे वापरू नयेत, त्यावर धूळ चिकटते. मिक्सरच्या ‘इन्सर्ट’ सॉकेटांतही अशीच पत्री असते, आणि एखादे चॅनेल उगाच गप्प होत असेल तर तेथेही हाच प्रयोग करावा.

यानेही न भागल्यास सॉकेट जेथे बोर्डाला डाग दिलेला आहे ते सांधे भिंगाखाली पाहायला सांगावेत. लोंबत्या केबलच्या ओझ्याने तेथे केसाएवढी गोल भेग पडते, आणि थाप मारल्यावर चालू होणारी वाद्ये बहुधा याच भेगेने आजारी असतात. डाग पुन्हा दिला की काम होते. पुढे केबलचे पहिले वळण कीबोर्डच्या स्टँडला बांधून टाकावे, म्हणजे ओढ सॉकेटवर येणार नाही.

प्रश्न : रंगमंचावरच्या कीबोर्डवरून मिक्सरपाशी ठेवलेले साउंड मॉड्यूल (पट्ट्या नसलेले, सूर निर्माण करणारे यंत्र) वाजवतो. मिडी केबल २५ मीटरची खास बनवून घेतली आहे. कधी एखादा सूर उमटत नाही, कधी उमटलेला सूर थांबतच नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिडीच्या प्रमाणानुसार केबल जास्तीत जास्त १५ मीटर असावी, आणि दोष बहुधा तेथेच आहे. मिडीमधून ध्वनी जात नाही, आज्ञा जातात: अमुक पट्टी दाबली, अमुक पट्टी सोडली. सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने एक आज्ञा पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. लांब केबलमध्ये संकेताच्या कडा बोथट होतात आणि एखादी आज्ञा वाचता येत नाही. दाबल्याची आज्ञा हरवली तर सूर उमटत नाही. सोडल्याची हरवली तर मॉड्यूल बिचारे वाट पाहत सूर धरून ठेवते. तात्पुरता उपाय म्हणून ‘पॅनिक’ किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’ची सोय वापरावी. खरा उपाय म्हणजे मॉड्यूल रंगमंचावर आणून मिडी केबल दोन-तीन मीटरची करावी आणि लांबचा प्रवास ध्वनीला डीआय बॉक्समधून कॅनन केबलने करू द्यावा.

केबल बनवणाऱ्याने काय जोडले आहे तेही मल्टिमीटरने तपासावे. मिडीसाठी ४ आणि ५ या पिना सरळ जोडलेल्या आणि २ क्रमांकाला जाळी, एवढेच लागते. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची केबल दिसायला हुबेहूब अशीच असते, पण आतील जोडणी वेगळी असू शकते.

प्रश्न : सस्टेन पेडल उलटे चालते. पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. पेडल परत करावे का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : नको. पेडलमधील स्विच दोन प्रकारचे असतात, दाबल्यावर जुळणारे आणि दाबल्यावर सुटणारे. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची त्या क्षणाची स्थिती ‘पाय नाही’ अशी धरतात. कीबोर्ड बंद करून पेडल लावावे आणि त्याला पाय न लावता पुन्हा सुरू करावा. तरीही उलटेच राहिले तर पेडलच्या तळाला दिशा बदलण्याची लहान खिट्टी आहे का ते पाहावे.

प्रश्न : मुलगा लॅपटॉपला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर सराव करतो आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतो. त्याच ब्लूटूथ स्पीकरवर लेहरा लावून मी तबला वाजवतो तेव्हा काहीच अडचण येत नाही, पण त्याच्या पॅडचा आवाज मात्र मागे पडतो. स्पीकर एकच असताना असे का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : ब्लूटूथ स्पीकरमध्ये ध्वनी आधी आकुंचित करून पाठवला जातो, पलीकडे उलगडला जातो आणि मधे थोडा साठवूनही ठेवला जातो. यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. आपला लेहरा तेवढाच उशिरा येतो, पण आपण तो ऐकून त्यावर हात टाकता आणि तबल्याचा नाद थेट कानावर पडतो. उशीर कुणाच्याच लक्षात येत नाही. मुलाचा आघात मात्र आधी होतो आणि त्याचाच नाद उशिरा परत येतो. १५० मिलिसेकंद म्हणजे जणू स्पीकर पन्नास मीटर दूर ठेवून वाजवणे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे उशीर जवळजवळ पाव ते तिसरा हिस्सा मात्रेचा होतो. असा सराव केल्यास हात पुढे पळायची सवय लागते, आणि ती मोडणे फार कष्टाचे असते.

पॅडसाठी स्पीकर किंवा हेडफोन केबलनेच जोडावा. त्यानंतर लॅपटॉपमधील प्रोग्रॅमच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे ध्वनीचे किती नमुने आधी साठवून मग पुढे पाठवायचे याचा, आकडा पाहावा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने १०२४ चा बफर सुमारे २१ मिलिसेकंद खातो आणि २५६ चा सुमारे ५. सुरुवात १२८ ने करावी; ‘टिकटिक’ ऐकू येऊ लागली तर लॅपटॉपला तेवढी गती झेपत नाही असे समजून २५६ वर यावे आणि तेथेच ठेवावे.